दुखणं कंडेन्सरचं, इंजेक्शन कार्ब्युरेटरला

साधी गाडी बिघडते. स्पोर्ट्स कारची प्रकृती नादुरुस्त होते. साध्या गाडीचं इंजिन सिग्नलला उभं असताना धक्के खायला लागलं, तर मालक गॅरेजवाल्याला फोन करून ‘गाडी मिसिंग करतेय, जरा बघून घ्या’ एवढं सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. दोन सीटची, उघड्या टपाची, दर रविवारी पॉलिश होणारी गाडी तसेच धक्के खायला लागली, की मालक फोन करत नाही, तो बॉनेट उघडतो. मग ज्यांना त्या बॉनेटखालचं थोडंफार कळतं ते आणि ज्यांना काहीच कळत नाही ते, असे दोन्ही प्रकारचे तज्ज्ञ जमतात. माना तिरक्या करून ऐकणं होतं, ‘हं’ म्हणणं होतं, आणि प्रत्येक जण आपापला रोग सुचवतो. व्हॉल्व्ह जळला असेल. हेड गॅस्केट गेलं असेल. कॅमशाफ्ट झिजला असेल. काही नाही तर कार्ब्युरेटर तरी उतरवून पूर्ण खोलावे लागतील. या यादीत किरकोळ पैशांत बरा होणारा रोग सहसा नसतो, आणि एखाद्याने तो सुचवलाच, तर पुढच्या वेळी त्याला बोलावत नाहीत. माझं म्हणणं असं, की खडबडत चालणाऱ्या स्पोर्ट्स कारचं निदान चुकतं ते ज्ञान अपुरं पडतं म्हणून नव्हे. मालकाला गाडीच्या इतमामाला शोभेल असाच रोग हवा असतो, म्हणून ते चुकतं.

हे नुसतं तोंडसुख नाही, याला पुरावा आहे आणि तो आपल्या ओळखीच्या घरातला आहे. इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार तयार झाली. टपवाली आणि बिनटपाची मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि आजही जगभर त्यातल्या पुष्कळशा उघड्या बॉनेटनिशी उभ्या असतात. तिचं चार सिलिंडरचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आपल्या अॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. म्हणजे नात्याने पाहिलं तर ही दिमाखदार एमजीबी आपल्या कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या गाडीची सख्खी चुलत बहीण. आता दोघींवरचे उपचार पाहा. अॅम्बॅसेडर मिसिंग करायला लागली की ड्रायव्हर उतरायचा, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायचा, पॉइंटमधून पॉलिश पेपरचा तुकडा दोनदा ओढायचा, प्लग काढून फुंकर मारायचा आणि साहेब फाइल मिटायच्या आत गाडी चालू करायचा. तेच घराणं, तेच दुखणं. पण एमजीबीला ते झालं की कार्ब्युरेटर टेबलावर येतात, खाली स्वच्छ पांढरं फडकं अंथरलं जातं आणि पुढचे तीन महिने ‘ट्युनिंग चालू आहे’ असं सांगितलं जातं. ड्रायव्हर इंजिनाचा पंडित होता असं मला म्हणायचं नाही. त्याला गाडीच्या आजारात स्वतःची प्रतिष्ठा दिसत नव्हती, एवढंच.

कार्ब्युरेटरवरच संशय का जातो, याचं पहिलं कारण तो दिसतो हेच आहे. एमजीबीचं बॉनेट उघडलं की एका अंगाला दोन एसयू कार्ब्युरेटर ऐटीत बसलेले असतात. त्यांच्या घुमटांना पॉलिश करता येतं, त्यांना फिरवण्याजोगे स्क्रू आणि नट भरपूर असतात, आणि त्यांना इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉर्ज हर्बर्ट स्किनर या गृहस्थांनी हा प्रकार शोधून काढला. घराणं बुटांच्या धंद्यातलं, आणि गंमत अशी की सुरुवातीच्या एसयूमध्ये हवेच्या ओढीने हलणारा भाता चामड्याचाच होता. पुढे त्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन जितकी हवा ओढेल तितका हा पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाला एक निमुळती सुई असते, आणि ती जेटमधून जितकी वर येईल तितकं पेट्रोल जास्त मिळतं. या यंत्रावर करायचे तपासणीचे विधीही देखणे आहेत. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोघांचा सुस्कारा सारखा येतोय का ते ऐकायचं. पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहायचा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी, आणि क्षणभर किंचित वाढून जागेवर आलं तर प्रकृती उत्तम. हे करताना माणूस इतका डॉक्टर दिसतो, की हे सोडून दुसऱ्या अंगाला, खाली अंधारात लपलेल्या डिस्ट्रिब्युटरकडे वाकायला कोण तयार होणार? तिथे ऐकायला काही नाही, पॉलिश करायला काही नाही, आणि वाकलं की कंबर धरते ती वेगळीच.

त्या अंधारात कंडेन्सर राहतो. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी, एक वायर, एक स्क्रू. हलणारा भाग एकही नाही. त्याचं काम मात्र मोठं आहे. पॉइंट उघडताना तिथे उडू पाहणारी ठिणगी त्याने शोषून घ्यायची, म्हणजे कॉइलमधला प्रवाह झटकन तुटतो आणि खरी ठिणगी प्लगवर पडते. तीन हजार फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनाला सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. पॉइंटमधली फट इंचाच्या पंधरा सहस्रांशांच्या आसपास. तीही कमीजास्त झाली की टायमिंग आपोआप सरकतं. एवढ्या बारीक हिशेबावर जे खातं चालतं, तिथे गडबड होण्याची शक्यता जास्त, की हवेच्या ओढीवर वरखाली होणाऱ्या एका पिस्टनमध्ये जास्त? प्रश्न असा मांडला तर शाळकरी पोरही बरोबर उत्तर देईल. पण मालकाला तो असा मांडायचाच नसतो. ‘माझ्या गाडीचा कंडेन्सर गेला होता’ हे वाक्य चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ‘दोन्ही एसयू रीबिल्ड करून घेतले’ हे आहे.

शिवाय कार्ब्युरेटर निर्दोष आहे हे सिद्ध करायला त्याला हात लावावा लागत नाही. नुसता विचार पुरतो, आणि इथेच घोडं पेंड खातं. कार्ब्युरेटर झिजतो, तो अचानक आजारी पडत नाही. थ्रॉटलचा दांडा वर्षानुवर्षं घासून ढिला होतो, तिथून फुकटची हवा आत शिरते, सुई आणि जेट झिजतात. पण हे सगळं मंगळवारी रात्री नीट असून बुधवारी सकाळी होत नाही. अपवाद एक. फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर पेट्रोल अचानक वाहायला लागतं. मात्र तेव्हा निदानाची गरज उरत नाही, वास शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. दुसरी गोष्ट याहून सरळ आहे. एमजीबीचा पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला पेट्रोल पुरवतो, मागचा तिसऱ्या-चौथ्याला. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी जाड इन्सुलेशनच्या पकडीने एकेक करून काढत गेलं, तर ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही, हे उघड आहे. तो एकच निघाला तर दोष कार्ब्युरेटरचा कसा असेल? त्याच पुरवठ्यावरचा त्याचा शेजारी तर ठणठणीत चालला आहे. मग प्लग, वायर, कॅप, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी. चार वायरींचं, पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटांत उत्तर मिळण्याचा धोका असतो, म्हणून ते कमी केलं जातं.

आता कोणी म्हणेल, ‘कार्ब्युरेटर ट्यून केला आणि गाडी सुधारली, असं शेकडो मालक सांगतात, ते सगळे खोटं बोलतात काय?’ मुळीच नाही. गाडी खरोखरच सुधारते. मेख अशी आहे, की दुखावलेल्या कंडेन्सरला किंवा कॉइलला ताप चढला की ते कच खातात, थंड झाले की पुन्हा शहाण्यासारखे वागतात. गाडी वीस किलोमीटर धावते, गरम होते, धक्के खायला लागते. मालक ती बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, मिश्रणाचा नट अर्धा फेरा फिरवतो, उलटा फिरवतो, नळी कानाला लावतो, चहा मागवतो. या अवधीत बॉनेट उघडं असल्यामुळे सगळं निवतं. गाडी चालू होते आणि सुरेख चालते. श्रेय नटाला मिळतं, आणि पुढच्या वीस किलोमीटरनंतर ‘सेटिंग परत हललं’ असं निदान होतं. आपोआप उतरणाऱ्या तापावर औषध देणाऱ्या डॉक्टरांनाही असंच यश लाभतं, आणि त्यांचे पेशंटही शपथेवर साक्ष द्यायला तयार असतात. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊनही असाच खेळ होतो, हे कबूल केलं पाहिजे. तेव्हा गरम झाल्यावरच बिघडते एवढ्यावरून विजेला फाशी देता येणार नाही.

पण मग दोघांत फरक ओळखायचा कसा? त्याचं उत्तर ड्रायव्हरच्या नाकासमोर बसवलेलं असतं. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर एमजीबीचा टॅकोमीटर विजेवर चालतो, आणि त्याला इंजिनाच्या फेऱ्यांची खबर इग्निशनच्या सर्किटमधूनच मिळते. धक्का बसताना काटा झटकन खाली पडून उसळत असेल, तर प्रवाहच तुटतोय. चौकशी वायरी, कॉइल, पॉइंट यांच्याकडे. इंजिन लटकं पडतंय पण काटा संथपणे वेगाबरोबर उतरतोय, तर पेट्रोलकडे पाहायला हरकत नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणखी एक तपासणी फुकटची आहे: रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडायचं. चिरलेल्या कॅपवर, जुनाट वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर पुढचं बोलणंच खुंटतं. यातली विसंगती मला फार आवडते. इंग्रजी गाड्यांची वीज पुरवणाऱ्या लुकास कंपनीच्या संस्थापकाला या गाड्यांचे शौकीन पिढ्यान्‌पिढ्या ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत आले आहेत. दिवे विझले, वायपर थांबले, हॉर्न वाजला नाही, की लुकासवर विनोद होतात. मात्र इंजिनाने अडखळायला सुरुवात केली, की तेच विनोदवीर लुकासच्या डिस्ट्रिब्युटरवर अढळ विश्वास ठेवून समोरचा कार्ब्युरेटर खोलतात. विनोद एका खात्यावर आणि खर्च दुसऱ्या.

यावर तरुण वाचक हसून म्हणतील, की हे सगळं आजोबांच्या काळातलं झालं. आता पॉइंट नाहीत, कार्ब्युरेटर नाहीत, गाडीत संगणक आहे आणि तो स्वतःच रोग सांगतो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एकसारखे दोषसंकेत देणं बंधनकारक झालं, हे खरं. पी०३०० म्हणजे कुठेतरी मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये. पण संगणक पत्ता सांगतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली आणि संकेत पी०३०३ झाला, तर चोर कॉइल; नाही बदलला तर कॉइल निर्दोष. एवढी सोपी अदलाबदल सोडून मंडळी इंजेक्टरचा नवा संच मागवतात. पी०१७१ ची कथा याहून रसाळ आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा कारण असतं एक चिरलेली रबरी नळी, जिच्यातून बिनहिशेबी हवा आत शिरते. पण ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून मालक ऑक्सिजन सेन्सरच बदलतो. नवा सेन्सर इमानाने तीच बातमी पुन्हा देतो. मग त्याहून महागडा सेन्सर येतो. संगणकाने निदान अचूक केलं की नाही हा वेगळा विषय, पण मालकाच्या हौसेला त्याने इंग्रजी अक्षर आणि चार आकडे मिळवून दिले, हे नक्की.

खरा आक्षेप पुढचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. कधीकधी इंजिन खरोखरच गेलेलं असतं. माझदाच्या आरएक्स-८ मध्ये पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात आणि त्यांच्या टोकांच्या पट्ट्या झिजल्या की कॉम्प्रेशन पडतं, गरम इंजिन चालू व्हायला कुरकुरतं, आयडलिंग डळमळतं. हे प्रकार इतके झाले, की अमेरिकेत कंपनीने या इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. तिथे ‘कंडेन्सर बघा’ म्हणणारा मूर्ख ठरेल. तरीसुद्धा माझा मुद्दा मागे घ्यायची गरज मला दिसत नाही. याच गाडीच्या इग्निशन कॉइलही अशक्त होण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि अशक्त कॉइलची लक्षणं बरीचशी मरणाऱ्या इंजिनासारखीच दिसतात. दोन रोग सारखे दिसत असतील तर आधी कोणता तपासायचा? ज्याची तपासणी स्वस्त, तो. कॉम्प्रेशनची चाचणीदेखील इंजिन उतरवण्याच्या मानाने फुकटच म्हणायची. मोठा रोग नसतोच असं मी म्हणत नाही. मोठ्या रोगाला मान देऊन रांगेत पुढे घेऊ नका, एवढंच म्हणतो.

आणखी एक गट आहे, तो निदानच अमान्य करतो. ‘स्पोर्ट्स कार अशीच चालते हो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यातही अर्धं सत्य आहे. शर्यतीच्या जातीच्या कॅमशाफ्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात; जास्त फेऱ्यांना त्याचा फायदा होतो, कमी फेऱ्यांना जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन उभ्या जागी ढकलत, डुलत चालतं. अशा इंजिनाला शांत करायला निघणं हा अन्यायच. पण हा स्वभाव आहे आणि स्वभाव जन्मापासून असतो. मागच्या पंधरवड्यात नव्हता आणि आता आला, त्याला स्वभाव म्हणत नाहीत. शिवाय फेऱ्या वाढल्या की स्वभावाचा डगमगाट संपतो; रोगाचा पुष्कळदा तिथे सुरू होतो.

इथेनॉलचं तेवढं वेगळं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, आपल्याकडे ते २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेलं. जुन्या रबराच्या नळ्या आणि सील त्याने खराब होतात, आणि निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेल्या कार्ब्युरेटरचं मिश्रण त्याने थोडं हलकं पडतं. ज्यांच्या गॅरेजमध्ये जुनी एमजी आणि तालुक्यात साखर कारखाना आहे, अशा महाराष्ट्रातल्या मोजक्या मालकांनी या दुखण्याची तक्रार नेमकी कोणाकडे करावी, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोपवतो. इथे कार्ब्युरेटरला हात लावणं रास्त आहे. पण हे दुखणं चारही सिलिंडरना सारखं होतं आणि टाकी भरल्यापासून होतं; एकटा तिसरा सिलिंडर उसावर रुसला, असं होत नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी फिरवून आणायची, फरक पाहायचा, नाही पडला तर जुनं परत बसवायचं आणि मग पुढच्याकडे वळायचं, ही पद्धत सगळ्यांना पाठ असते आणि कोणालाच परवडत नाही. एवढा वेळ कुणाला आहे, असं ते लोक विचारतात ज्यांनी वेळ घालवण्यासाठीच ही गाडी घेतलेली असते. म्हणून एकाच रविवारी प्लग, पॉइंट, टायमिंग आणि दोन्ही कार्ब्युरेटरची मिश्रणं बदलली जातात. गाडी सुधारली तर कशाने ते कळत नाही. बिघडली तर कशाने तेही नाही. त्यात वायरी परत लावताना क्रम चुकला, १-३-४-२ हा क्रम पाळताना डिस्ट्रिब्युटरमधला रोटर घड्याळाच्या उलट फिरतो हे विसरलं, की मूळच्या धक्क्यांना फटाक्यांची जोड मिळते. अनुभवी मेकॅनिक म्हणूनच पहिला प्रश्न इंजिनाला विचारत नाही. तो मालकाला विचारतो, ‘शेवटचा हात कुठे लावला होता?’ पुष्कळदा रोग तिथेच सापडतो आणि म्हणूनच या प्रश्नाला खरं उत्तर क्वचित मिळतं.

तेव्हा तुमची लाडकी गाडी मिसिंग करू लागली, तर आधी टॅकोमीटरचा काटा पाहा, मग वायरी काढून सिलिंडर शोधा, आणि कार्ब्युरेटरच्या घुमटाला हात लावण्यापूर्वी कंडेन्सर बदला. फक्त कंडेन्सर. जुना मात्र लगेच फेकून देऊ नका. हल्ली बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर कित्येकदा डबीतूनच बिघडलेले निघतात.